आपल्या भागाचा इतिहास लोकांच्या लक्षात राहावा, यासाठी वारसा-फेऱ्या आणि कार्यक्रम कसे आखावेत?

नवखा आयोजक (प्रश्न)

नमस्कार. इतिहासाची आवड असलेले आम्ही आठ-दहा जण गेली चार वर्षे एक लहानसे अभ्यासमंडळ चालवीत आहोत. लोकांनी वाट वाकडी करून पाहायला यावे असे एकही भव्य स्मारक आमच्या भागात नाही. आहेत ते जुने व्यापारी मार्ग, नदीवरचा एक दगडी पूल, बंद पडलेला एक कारखाना, काही पडकी तर काही अजून नांदती घरे, आणि घराघरांतल्या पेट्यांत पडून असलेले कागद.

गेल्या वर्षी आम्ही दोन दिवसांचा वारसा-महोत्सव घेतला. त्यासाठी तीन महिने राबलो, ठिकठिकाणी माहितीफलक लावले, व्याख्याने ठेवली, पुलावर रोषणाई केली. लोक मोठ्या संख्येने आले, त्यांनी छायाचित्रे काढली आणि ते परत गेले. महिनाभराने ओळखीच्या काही जणांना सहज विचारले की काय लक्षात राहिले, तेव्हा बहुतेकांनी रोषणाईचे कौतुक केले; पूल कोणी बांधला, कशासाठी बांधला, त्याआधी नदी कशी ओलांडत असत, यांपैकी एकही गोष्ट कोणाला सांगता आली नाही. फलकांवर हे सगळे लिहिलेले होते. दोष लोकांचा आहे असे मला वाटत नाही; आमच्या सांगण्यातच काही चुकले असावे.

माझ्या शंका अशा आहेत. साधीसुधी स्थळे हाताशी असताना सुरुवात कुठून करावी? पुलाबद्दल एक फार लोकप्रिय दंतकथा आहे, तिला कागदोपत्री आधार नाही. ती सांगावी की गाळावी? आणि पर्यटक वाढले तर त्या स्थळांचे आणि तिथे राहणाऱ्यांचे नुकसान होणार नाही, याची काळजी आधीपासून कशी घ्यावी? ज्यांनी प्रत्यक्ष असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाटाड्या

मी बरीच वर्षे वारसा-फेऱ्या घेतो, आणि तुम्हाला जो अनुभव महोत्सवात आला तो मला पहिली दोन-तीन वर्षे जवळजवळ प्रत्येक फेरीत येत असे. माझी पद्धत ज्या दिवशी बदलली त्या दिवसाचा प्रसंग सांगतो. एका जुन्या विहिरीपाशी आम्ही पंचवीस जण उभे होतो. बांधणाऱ्या घराण्याची नावे, सनावळी, विहिरीची खोली आणि व्यास असे सारे मी क्रमाने सांगत होतो, आणि मागच्या रांगेतली माणसे सावली शोधत होती. तेवढ्यात नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने काठाच्या दगडावरच्या खाचेत बोट घातले. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले. ‘हे कोणी कोरले?’ असे तिने विचारले. मी म्हणालो, कोणी कोरले नाही, पोहऱ्याचा दोर घासून घासून ती खाच पडली आहे. त्यानंतर एकामागून एक सगळे वाकले, प्रत्येकाने आपले बोट त्या खाचेत घालून पाहिले, आणि प्रश्नांना सुरुवात झाली. असे व्हायला किती वर्षे लागली असतील? याच बाजूच्या खाचा एवढ्या खोल का? पलीकडच्या बाजूने कोण पाणी भरत असे, आणि कोणाला भरू दिले जात नसे? पाणी भरणे केव्हा थांबले? मघाशी सांगून झालेले घराण्याचे नाव मला तेव्हा पुन्हा सांगावे लागले, आणि या खेपेस ते लोकांनी लिहून घेतले.

या कामात जगभर ज्यांचा आधार घेतला जातो ते अमेरिकन लेखक फ्रीमन टिल्डेन यांनी १९५७ साली वारशाच्या निरूपणाची सहा तत्त्वे मांडली. त्यांचा भर यावर होता की नुसती माहिती म्हणजे निरूपण नव्हे. निरूपणाने ऐकणाऱ्याचे कुतूहल चाळवले पाहिजे, आणि जे दाखवले जात आहे त्याचा संबंध त्याच्या स्वतःच्या जगण्याशी जोडला गेला पाहिजे. लहान मुलांसाठीची मांडणी ही मोठ्यांच्या मांडणीची पातळ आवृत्ती नसावी, ती मुळातूनच वेगळी असावी, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. त्या विहिरीपाशी मी नेमकी हीच चूक करीत होतो: उत्तरे आधी वाटून टाकत होतो, आणि ती कोणत्या प्रश्नाची आहेत हे कोणालाच कळत नव्हते.

तुमचा पूलच घ्या. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर १७७९ साली बिडाच्या कमानीचा एक पूल उभा राहिला. त्या धातूचा जगातला पहिला मोठा पूल म्हणून तो अभ्यासकांना महत्त्वाचा, आणि १९८६ मध्ये तो परिसर जागतिक वारसा यादीतही गेला. पण पुलाच्या टोकाशी जकातीची चौकी आहे आणि तिच्यावर दरांचा फलक आहे. त्या फलकावर लिहिले आहे की कामगिरीवर असलेला-नसलेला प्रत्येक शिपाई, टपालाची गाडी आणि खुद्द राजघराणे यांनाही पूल ओलांडताना जकात द्यावी लागेल. पूल कोणाच्या मालकीचा होता, पैसा कोणी घातला होता, त्या काळात भांडवलाची ताकद कुठवर पोहोचली होती, हे सारे त्या एका ओळीतून उलगडत नेता येते. तुमच्या पुलापाशीही अशी एखादी ओळ, एखादी खूण, एखादी झीज असणारच. ती सापडेपर्यंत फेरीची तारीख ठरवू नका.

आता व्यवहाराचे थोडे. फेरी दीड तासाहून लांबवू नये आणि सहा-सातपेक्षा जास्त थांबे ठेवू नयेत. वीसपेक्षा जास्त माणसे झाली की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ती आपापसांत बोलू लागतात. एका थांब्यावर सलग पाच मिनिटांहून अधिक बोलू नये. आदल्या दिवशी त्याच वेळेला तोच मार्ग चालून पाहावा, म्हणजे ऊन कुठे येते, वाहनांचा आवाज कुठे वाढतो, म्हाताऱ्या माणसाला कुठे बसता येईल, हे कळते. बोलणाऱ्याने स्वतः उन्हाकडे तोंड करून उभे राहावे, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नये. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण निम्मे लक्ष यावरच टिकते किंवा उडते.

फलकांविषयी एकच सांगतो. फलकाचे पहिले वाक्य वाचून वाचणाऱ्याची मान वर झाली पाहिजे, म्हणजे समोरची वस्तू त्याने पाहिली पाहिजे. ‘हा पूल अमुक साली बांधला’ हे वाक्य घरी बसूनही वाचता येते. ‘डावीकडून तिसऱ्या कमानीचे दगड इतरांपेक्षा फिकट आहेत’ हे वाक्य तिथेच उभे राहून वाचावे लागते, आणि त्यानंतर पुराची हकीकत सांगितली तर ती विसरली जात नाही.

कागदवाचक

दंतकथेच्या प्रश्नावर लिहितो, कारण या बाबतीत अभ्यासक आणि आयोजक दोघेही टोकाला जातात. एक जण ती हसण्यावारी नेतो आणि दुसरा तीच इतिहास म्हणून छापतो.

वेल्समध्ये बेथगेलर्ट नावाचे एक गाव आहे. तिथे गेलर्ट नावाच्या इमानी कुत्र्याची समाधी दाखवतात. तेराव्या शतकातला राजपुत्र लुएलिन शिकारीहून परत येतो, पाळणा उलटलेला पाहतो, कुत्र्याच्या तोंडाला रक्त पाहून त्याला ठार करतो, आणि मग पाळण्याखाली सुखरूप मूल व शेजारी मेलेला लांडगा त्याला सापडतो. पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांनी ही कथा लगेच ओळखली असेल. अभ्यासकांच्या मते ती समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने प्रवासी यावेत म्हणून उभी केली, आणि गावाचे नाव कुत्र्यावरून नव्हे तर एखाद्या प्राचीन संतावरून आले असावे. हे समजल्यावरही लोक तिथे जातात. माझ्या मते ही खरी हकीकत समाधीपेक्षा कितीतरी विलक्षण आहे: भारतात सांगितली जाणारी एक कथा भाषांतरांच्या वाटेने खंड ओलांडते, मुंगसाचा कुत्रा होतो, सापाचा लांडगा होतो, आणि एका डोंगराळ गावात ती दगडाच्या रूपाने उभी राहते.

म्हणून तुमच्या पुलाची दंतकथा अवश्य सांगा, मात्र दंतकथा म्हणून सांगा. ती प्रथम कोणाच्या लेखनात किंवा तोंडी आढळते, तिची कोणकोणती रूपे आहेत, कोणत्या काळात ती विशेष बोलली जाऊ लागली, हे शोधा. पुष्कळदा असे दिसते की कथा ज्या काळाविषयी बोलते त्यापेक्षा ज्या काळात ती जन्मली त्याविषयी अधिक सांगून जाते. फलकावर ‘असे सांगतात की’ आणि ‘कागदपत्रांत असे आढळते की’ हे दोन शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवा, आणि जिथे पुरावा नाही तिथे नाही असे स्वच्छ लिहा. इकोमॉस या स्मारके व स्थळांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ मध्ये वारसास्थळांच्या निरूपणाची जी सनद मंजूर केली, तिच्या सात तत्त्वांपैकी एक माहितीच्या साधनांविषयी आहे. पुराव्याबरोबर मौखिक परंपरांचीही दखल घ्यावी, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. अभ्यासाची शिस्त आणि लोकांची आठवण यांत एकाची निवड करावी लागते असे नाही.

आणखी एक विनंती. अप्रिय भाग गाळू नका. जर्मन कलावंत गुंटर डेमनिग यांनी १९९२ पासून नाझी राजवटीच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरांसमोर पदपथात दहा सेंटिमीटर लांब-रुंद पितळी पत्रे बसवायला सुरुवात केली. ‘येथे राहत होते’ या शब्दांनी मजकूर सुरू होतो, मग नाव, जन्मसाल, आणि त्या माणसाचे पुढे काय झाले ते. अक्षरे एवढी लहान असतात की वाचण्यासाठी वाकावे लागते. युरोपभर अशा पत्र्यांची संख्या आता एक लाखाच्या वर गेली आहे. ना तिकीट, ना रोषणाई. रोज कामाला जाणाऱ्याच्या वाटेत इतिहास आडवा येतो. तुमच्या बंद कारखान्यात संप झाले असतील, अपघात झाले असतील, लोक बेकार झाले असतील. ते वगळून केवळ यंत्रांची माहिती दिलीत, तर ज्यांचे आयुष्य तिथे गेले त्यांना ती फेरी परकी वाटेल.

संग्रहालयातली नोंदणीकार

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु मला वाटते की मूळ प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. हे सगळे सांगणार कोण? तुमच्या महोत्सवात तुम्ही आठ-दहा जण सांगणारे होता आणि बाकी सारे ऐकणारे. त्या भागात राहणाऱ्यांनाही तुम्ही प्रेक्षकच केलेत.

फ्रान्समध्ये ल क्रूझो हे श्नायडर घराण्याच्या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांभोवती वाढलेले शहर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे संग्रहालयाची एक निराळी कल्पना आकाराला आली: एका इमारतीत वस्तू गोळा करून ठेवण्याऐवजी तो संपूर्ण परिसर, त्यातली घरे, खाणी, कालवे आणि तिथले रहिवासी मिळूनच संग्रहालय मानायचे. ‘इकोम्युझियम’ हा शब्द त्याच सुमारास, १९७१ मध्ये, ह्यूग द वारीन यांनी घडवला. स्वीडनमध्ये १९७८ साली स्वेन लिंडक्विस्ट यांनी कामगारांना उद्देशून ‘जिथे उभे आहात तिथेच खणा’ असा मंत्र दिला. त्यांचे म्हणणे असे की कारखान्यांचे इतिहास बहुधा मालकांच्या सांगण्यावरून लिहिले जातात. पण त्या कामातला तज्ज्ञ प्रत्यक्ष काम करणारा माणूसच असतो, आणि आपल्या कामाच्या जागेचा इतिहास त्यानेच शोधावा.

घराघरांतल्या पेट्यांचा तुम्ही उल्लेख केलात, आणि माझ्या मते तुमचा पहिला सार्वजनिक कार्यक्रम तिथूनच व्हावा. एक दिवस ठरवून लोकांना आपापले जुने कागद, छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या, ओळखपत्रे घेऊन बोलवा. समोरासमोर बसून त्यांची छायाप्रत घ्या आणि मूळ वस्तू त्याच क्षणी, त्याच हातात परत द्या. या शेवटच्या गोष्टीवर मी जोर देते, कारण आम्ही एकदा चुकलो होतो. एका वृद्ध बाईंनी वडिलांचे कारखान्याच्या फाटकापाशी काढलेले छायाचित्र आणले होते. यंत्र बिघडल्यामुळे आम्ही ते रात्रभर ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच पाकिटात गेले. सापडायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत त्या रोज येऊन बाकावर बसत आणि काही न बोलता परत जात. सापडल्यावर त्यांनी ते पदरात धरले, पण त्यांच्या गल्लीतून पुढे दोन वर्षे कोणी एकही कागद आमच्याकडे आणला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक साधी नोंदवही असते: वस्तू कोणाची, छायाचित्रात कोण कोण आहे, ते कधीचे असावे, हे सांगणाऱ्याला कसे माहीत, आणि ही प्रत कुठे वापरायची परवानगी आहे. परवानगीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मागच्या बाजूला काही लिहिले असेल तर त्याचीही प्रत घ्यावी; पुष्कळदा मजकूर तिथेच असतो. बोलणे ध्वनिमुद्रित करताना ‘तुमचा इतिहास सांगा’ असे विचारू नये, माणूस गप्प होतो. ‘पहिल्या दिवशी कामावर गेलात तेव्हा फाटकातून आत शिरल्यावर आधी काय दिसले?’ असे विचारावे.

महोत्सव करायचाच असेल तर त्याचेही चांगले रूप आहे. फ्रान्सने १९८४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे दरवाजे लोकांसाठी एक दिवस खुले करण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो युरोपभर पसरला. इंग्लंडमध्ये १९९४ पासून तो चालतो. त्यात आकर्षण असते ते एरवी बंद असलेल्या दाराचे. तुमच्या कारखान्याचे फाटक वर्षातून एकदा सुरक्षितपणे उघडता आले आणि आत तिथलाच निवृत्त कामगार उभा असेल, तर रोषणाई लागणार नाही.

सावकाश चालणारा

नुकसानीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. काही वर्षांतच दिवसाला बाराशेच्या आसपास माणसे आत जाऊ लागली, आणि हजारो वर्षे टिकलेली चित्रे त्यांच्या श्वासातल्या वाफेने व कार्बन डायॉक्साइडने बिघडू लागली. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली, आणि १९८३ पासून लोक शेजारी तयार केलेली प्रतिकृती पाहतात. उघडल्यापासून बंद होईपर्यंत पंधराच वर्षे गेली.

तुमच्याकडे एवढी गर्दी होणार नाही, पण नांदत्या घरांचा प्रश्न आहे. ज्या घरासमोर थांबणार त्या घरातल्यांना आधी भेटा, वेळ त्यांना विचारून ठरवा, आणि त्यांनी नको म्हटले तर तो थांबा कायमचा वगळा. पूल, कारखाना, घरे या प्रत्येक जागेची आजची स्थिती छायाचित्रांसह नोंदवून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा छायाचित्र घ्या, म्हणजे झीज वाढते आहे की नाही यावर वाद घालावा लागणार नाही. आणि यश मोजताना डोकी मोजू नका. किती जण दुसऱ्यांदा आले, किती जणांनी घरून कागद आणून दिला, किती जणांनी तुमची चूक दाखवून दिली, हे मोजा.

नवखा आयोजक

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. काल आमच्या मंडळाची बैठक झाली. यंदा महोत्सव न करता दर महिन्याला एक फेरी आणि दर तीन महिन्यांनी एक कागदपत्रांचा दिवस घ्यायचे ठरले आहे, आणि फलक नव्याने लिहायचे आहेत. पहिली फेरी पुलाची असेल. ‘पूल नव्हता तेव्हा नदी कोण पार करून देत असे?’ या प्रश्नापासून आरंभ करावा असे एकाने सुचवले, आणि मग आमच्या लक्षात आले की नाव चालवणाऱ्या कुटुंबाचे वंशज अजून नदीकाठीच राहतात. चार वर्षांत आम्ही त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. पुलामुळे त्यांचा व्यवसाय गेला असणार, आणि आम्ही त्याच पुलाचा उत्सव केला. त्यांना फेरीत बोलायला बोलवावे का, आणि कसे?

वाटाड्या

फेरीचा विषय काढण्याआधी दोन-तीनदा नुसते भेटून या, आणि त्यांचे ऐका. बोलायचे की नाही, काय सांगायचे आणि कुठे उभे राहून सांगायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. मार्गदर्शकाला जे मानधन देणार असाल तेच त्यांनाही द्या. त्यांनी नकार दिला तर त्यांची हकीकत त्यांच्या वतीने तुम्ही सांगू नका. नदीवर नावा चालत होत्या एवढेच सांगा. आणि होकार आला तर फेरी पुलावरून सुरू करू नका. नाव जिथे लागत असे त्या उतारावर लोकांना जमवा, पाण्याच्या कडेपर्यंत न्या, पलीकडचा काठ किती दूर दिसतो ते त्यांना पाहू द्या, आणि पुलावर शेवटी चढा.